यमुनामावशीचा अर्ज

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. बेचाळीस वर्षं संसार केला, एका ताटात जेवलो, पण हे नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मला नीट कळत नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. लालबागला आमच्या चाळीत रोज कुणीतरी सभेहून घसा बसवून यायचं, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा. पंचविशीतला होतो, एका मिलमध्ये हजेरीच्या कचेरीत कारकून. मोर्चात पुढे असायचो. लोक म्हणायचे, मोहन कुणाच्या बापाला घाबरत नाही. मलाही ते खरं वाटायचं. का वाटू नये? तोवर घाबरायची वेळच आली नव्हती.

तळमजल्यावर यमुनामावशी राहायची. माझी सख्खी मावशी नव्हे, पण चाळीत सगळे तिला मावशीच म्हणत. मालवणकडची. मिलमध्ये सूत गुंडाळायच्या खात्यात कामाला होती, तिथल्याच जिन्यावरून पडली आणि कमरेखालचं गेलं. चाळीतल्या सुतारांनी एका जुन्या खुर्चीला सायकलची दोन चाकं लावून दिली, पुढे एक लहान चाक. त्या खुर्चीत बसून ती घरी शिवणकाम करायची. पण तिला सभेला जायचं असायचं. ‘भाषण काय खिडकीत बसून ऐकायचां?’ म्हणायची.

सभेचं मैदान रस्त्यापलीकडे. आता तो रस्ता कसा होता ते सांगायला हवं. मधोमध ट्रामचे रूळ, दोन्ही बाजूंनी कापसाच्या गासड्या लादलेल्या लॉऱ्या, बसगाड्या, हातगाड्या. फुटपाथ वीतभर उंच, त्यामुळे खुर्ची उतरवायला दोन माणसं लागत. हवालदार पुढच्या नाक्यावर, आमच्या इथे कुणीच नाही. आणि उभा माणूस ड्रायव्हरला लांबून दिसतो – बसलेला दिसतो का? खुर्चीतली मावशी उभ्या माणसाच्या कमरेएवढीच उंच होती.

त्या संध्याकाळी मी म्हणालो, मी नेतो. सगळ्यांसमोर म्हणालो, मोठ्या आवाजात.

खुर्ची उतरवायला एकाने हात लावला नि तो सभेकडे पुढे पळाला; मग मी एकटाच. अर्ध्या रस्त्यात पुढचं लहान चाक रुळाच्या खाचेत गेलं. मी मागे ओढलं. नाही. पुन्हा ओढलं. नाही. दादरकडून ट्राम येत होती, ड्रायव्हर पायाने घंटा बडवत होता. दुसऱ्या बाजूने लॉरी. मावशी म्हणाली, ‘उचल रे, वर उचल, ओढू नको –’

मी हात सोडले.

विचार केला होता का? नाही. पाय आपोआप पळाले. पण पाय माझेच होते ना? फुटपाथवर चढलो तेव्हा मागे वळून पाहिलं, आणि जे पाहिलं ते आज ऐंशीच्या घरातही डोळ्यांपुढून जात नाही.

मावशी किंचाळली नाही. मला हाक मारली नाही. तिने खुर्चीत पाठ ताठ केली, उजवा हात वर केला, आणि पंजा त्या ट्रामसमोर धरला. एवढंसं शरीर, विटलेलं हिरवं लुगडं, आणि तो हात. हलला नाही. ट्रामच्या चाकांनी रुळांवर कर्कश आवाज केला, ठिणग्या उडाल्या. ट्राम थांबली तेव्हा ट्रामच्या आणि खुर्चीच्या मधे फार तर हातभर जागा होती. लॉरीही थांबली. मग बस. सगळा रस्ता थांबला. मी देवळात गेलोय, समुद्राचं उधाण पाहिलंय, पण अशी शांतता कुठे अनुभवली नाही.

ट्रामचा ड्रायव्हर खाली उतरला. मावशी त्यालाच म्हणाली, ‘घाबरू नको रे बाबा, माका काय झाला नाय.’

गर्दी जमेपर्यंत मी धावत परत गेलो होतो. लोकांनी पाहिलं ते एवढंच – खुर्चीचा दांडा धरून उभा असलेला मोहन. कुणीतरी पाठीवर थाप मारली. ‘शाब्बास! जागचा हलला नाहीस!’ मावशीने ते ऐकलं. माझ्याकडे पाहिलं.

तुम्हाला वाटलं असेल, हाच कबुलीजबाब. नाही – हे मी कदाचित सांगूनही टाकलं असतं. पंचविशीतला पोर घाबरला, पळाला. लोकांनी माफ केलं असतं.

आठवड्याने मावशीने मला खोलीत बोलावलं. महापालिकेला नि पोलिसांना अर्ज करायचा होता. मिल सुटायच्या वेळी इथे हवालदार द्या, आणि फुटपाथला उतार करून द्या. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ‘तुझं अक्षर बरां,’ म्हणाली. चाळीत लिहिणारे आणखी चार जण होते. मलाच का बोलावलं? तेव्हा मी हा प्रश्न स्वतःला विचारला नाही.

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. चाक कसं अडकलं, ट्राम कशी आली. मग ती थांबली. सुईत दोरा ओवला. आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘लिही – माझ्यासोबतचा माणूस घाबरला नि पळाला. त्याचा दोष नाय. माणूस घाबरतोच. घाबरणाऱ्या माणसाला पण रस्ता ओलांडता आला पाहिजे, असो रस्ता करा.’

तिने माझं नावही घातलं नव्हतं. माझी लाज तिने अर्जात मांडली, ती मला वाचवायलाच – आणि तिच्यातून सगळ्या रस्त्यासाठी मागणं काढलं. असं मन कुठून येतं? मला आजही ठाऊक नाही.

मी लिहिलं, ‘माझ्यासोबतच्या माणसाने जिवावर उदार होऊन खुर्ची सोडली नाही, म्हणून मी वाचले.’

खाली तिचा अंगठा घेतला. शाईचा डबा मीच पुढे केला. तिने विचारलं, ‘लिहिलंस सगळां?’ मी म्हणालो, ‘हो, मावशी.’

त्या रविवारी चाळीच्या बैठकीत चिटणीसाने तो अर्ज मोठ्याने वाचला. मला हे अपेक्षित नव्हतं. ते वाक्य आलं तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. मला नारळ दिला. मी घेतला. मावशी समोरच खुर्चीत बसलेली. तिनेही टाळ्या वाजवल्या – सगळ्यांच्या थांबल्यावर तिच्याही थांबल्या. मग मान खाली घालून हातातलं शिवण पुढे सुरू केलं.

काही महिन्यांनी हवालदार आला. संध्याकाळी मिल सुटताना पिवळी टोपी घालून तो मधोमध उभा राहायचा. उतारही झाला, ओबडधोबड, पण झाला. मावशी आता एकटी जायची, सायकलची चाकं स्वतःच्या हातांनी फिरवत. पलीकडे पोचली की थांबायची, आणि अलीकडे पाऊल उचलायला घाबरणाऱ्या बायांना हाताने खूण करायची – या, या. मी गॅलरीतून बघत असे. तिच्यासोबत पुन्हा एकदाही गेलो नाही. तिने पुन्हा बोलावलंही नाही. जिन्यात भेटली की मात्र विचारायची, ‘जेवलंस काय रे?’

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. रोज दिसायची. त्या अकरा वर्षांत मी तिला एकदाही म्हणालो नाही, की मावशी, ते वाक्य मी बदललं.