नर्स, ओव्हरसियर आणि बोरीचा भोंगा

आमच्या पेडगावात त्या काळी एका साप्ताहिकाचा एकच अंक यायचा, आणि तो मी आणायचो. शुक्रवारी परभणीच्या कॉलेजातून पॅसेंजरनं परतताना अंक पिशवीच्या तळाशी असायचा आणि वर भाजी. वडिलांना भाजी दिसली की पिशवीत आणखी काय आहे ते बघायची गरज वाटत नसे. अंकात राजकारण, राशिभविष्य आणि दोन पानांची क्रमशः कादंबरी असायची. कादंबरीचे आम्ही तीन वाचक होतो. पहिली माझी थोरली बहीण, आक्का. दुसरा माझा कॉलेजातला मित्र, जो लग्नसराईत लाऊडस्पीकर लावायचा. तिसरा मी. मी अर्थातच केवळ टीका करण्यासाठी वाचायचो, आणि टीका नीट व्हावी म्हणून एकही प्रकरण चुकवत नसे.

कादंबरीत धरणाच्या कामावर आलेली एक नर्स होती आणि त्याच कामावरचा एक ओव्हरसियर. लेखकानं दोघांना छान नावं दिली होती, पण आमच्या घरात ती नर्स आणि ओव्हरसियरच राहिली. नावं घेऊन बोललो असतो तर वडिलांनी ही पोरं कुणाची, असं विचारलं असतं. नर्स म्हटलं की विषय दवाखान्याचा वाटायचा आणि ते निघून जायचे. तिसरा होता पुण्याचा एक वकील. तोही नर्सच्या मागावर होता आणि त्याच्या दिवाणखान्यात पियानो होता.

गाण्यांचं खूळ मित्राचं. त्याच्याकडं रेकॉर्डच्या दोन पेट्या होत्या, आणि अख्खी कादंबरी त्याला आवाज बंद पडलेल्या सिनेमासारखी वाटायची. प्रकरण वाचून झालं की तो डोळे मिटून म्हणायचा, "हितं ते छत्रीवालं पायजे. दुसरं कोन्तंच बसत न्हाई." मग आक्का ते गाणं मनात म्हणून बघायची आणि निकाल द्यायची. हळूहळू तिनं नियम केले. दोघांचं पटलेलं असेल तरच दोघांचं गाणं. बिनसलं असेल तर एकट्याचं, आणि तेही चूक ज्याची त्याच्या आवाजात. एकदा वापरलेलं गाणं पुन्हा नाही, कारण माणसं मागच्या शुक्रवारी होती तिथंच राहिलेली नसतात. हा शेवटचा नियम मला तेव्हा फाजील वाटला होता. पुढं समीक्षेची बरीच जाडजूड पुस्तकं वाचली, त्यांत याहून शहाणं काही फार सापडलं नाही.

मित्र वकिलाच्या बाजूचा होता. आक्का त्याला टोचायची, "त्या वकिलात काय ठेवलंय रे? कपाळाला आठी घालून बोलतो मेला."

"आठी आसू द्या, आक्का. त्याच्याकडं पियानो हाय. पियानोच्या गाण्याच्या मह्याकडं सहा रिकार्डी हायेत. ओव्हरसियरसाठी काय लावू, खडी फोडायचा आवाज?"

नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. मित्र बौद्धवाड्यातला. एका उन्हाळ्यात वातावरण इतकं बिघडलं की गावातल्या एकाही लग्नाला त्याचा सेट बोलावला गेला नाही. लोकांनी लांबून दुसऱ्याचा आणला, आणि तो नेमका मंगलाष्टकांत शिट्ट्या मारायला लागला. एका लग्नात, दोन लग्नांत, तिसऱ्यातही. चौथ्या लग्नाला मित्राला निरोप गेला. सलोख्यावरची बरीच भाषणं मी त्या काळात ऐकली, पण आमच्या गावात सलोखा आला तो अॅम्प्लिफायरच्या वाटेनं. मित्र म्हणायचा, "आपलं म्हननं कुनी ऐकलं न्हाई लेका, पर शिट्टी ऐकली." शुक्रवारी तो आमच्याकडं यायचा तेव्हा मागच्या दाराशी, गोठ्याजवळ बसायचा. ओसरीवर का नाही, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आक्काचं लग्न बोरीच्या घरात ठरलं. घर मोठं, शेती भरपूर, माणसं चांगली. मुलगाही बरा होता. कमी बोलायचा, त्यामुळं त्याच्याविषयी सगळ्यांचं मत चांगलं होतं. एकच अडचण होती. त्या घरात छापलेला कागद म्हणजे बियाणांच्या पिशवीवरचा आणि देवाच्या पोथीतला. सासऱ्यांसाठी पेपर यायचा, तो ते बाजारभावापुरता वाचायचे. सुनेनं साप्ताहिक वाचणं हे कुणी मना केलं नव्हतं, कारण तसं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि कादंबरीत नर्सच्या हातात बदलीचा हुकूम पडलेला, ओव्हरसियरला त्याचा पत्ता नाही, अशा ठिकाणी आक्काची हळद लागली. लोकांना वाटलं, पोरगी माहेर सुटतं म्हणून गप्प आहे. ती मला एवढंच म्हणाली, "मला आता कधी कळणार रे, तिनं त्याला सांगितलं का नाही?"

लग्नात वडिलांनी अकरा जणांचे सत्कार ठेवले होते. नारळ, टॉवेल, टोपी आणि प्रत्येकाचं दोन शब्द बोलणं. त्या दोन शब्दांनी मुहूर्त गिळला. सातव्या सत्काराच्या सुमारास आक्कानं बाशिंग सावरत मला खूण केली आणि मित्राला मंडपामागं बोलावून घेतलं. मित्राचा मामा बोरीचाच. लग्नसराईत तो सेट घेऊन मामाकडंच मुक्काम ठोकायचा.

"बोरीला तुझा भोंगा लागतोच ना?" ती म्हणाली. "मग नियम तेच. दोघांचं गाणं लागलं की मी समजंन, जमलं. एकट्याचं लागलं की बिनसलं. पियानोचं लागलं की तो वकील आला."

"आन् नर्सनं हुकूम दाखवला तर?"

"दाखवला तर आगगाडीचं."

"लय बारीक हिशेब हाय, आक्का."

"जमंल का नाही ते सांग."

"भोंगा दीड कोसावर ऐकू जातो. जमंल." एवढ्यात आठव्या सत्कारमूर्तीसाठी माईक हवा झाला आणि तो पळाला.

आधी मी साधा मार्ग करून पाहिला, पोस्टकार्डाचा. आक्कानं लिहिलं, "इकडे सर्व खुशाल. नर्सताईंची तब्येत कशी आहे?" मी उत्तर दिलं, "नर्सताईंनी ओव्हरसियर साहेबांना अजून काही सांगितलेले नाही." घरातली पत्रं सासरे आधी वाचायचे. त्यांनी विचारलं, ही नर्स तुमची कोण लागते आणि तिनं त्या साहेबाला काय सांगायचं राहिलंय. आक्कानं लांबची मावसबहीण म्हणून वेळ मारून नेली. सासूबाईंनी त्या मावसबहिणीसाठी अंगारा पाठवला. पुढच्या कार्डात नर्सचं नाव नव्हतं, पावसापाण्याची चौकशी होती. मी समजलो.

मग सगळा भार भोंग्यावर आला. शुक्रवारी अंक आला की मी वाचायचो आणि शनिवारी तो बोरीला मित्राकडं पोचता करायचो. मित्र प्रकरण वाचून गाणं ठरवायचा आणि त्या आठवड्यात ज्याचं कुणाचं लग्न असेल, त्याच्या मंडपात लावायचा. वैशाखात बोरीला लग्नांना तोटा नव्हता. आगगाडीचं गाणं लागलं, तेव्हा नवरदेव बैलगाडीतून उतरत होता. पियानोचं लागलं, तेव्हा चांगली सनई थांबवून लावलं म्हणून एका मामानं तोंड वाकडं केलं. खरी पंचाईत झाली ती ओव्हरसियरनं रुसून बोलणं सोडलं त्या आठवड्यात. नियमाप्रमाणं त्याचं एकट्याचं, रडकं गाणं लागायला हवं होतं. मित्रानं ते ऐन वरातीत लावलं.

नवरीचा काका थेट अॅम्प्लिफायरजवळ आला. "लगीन हाय का माती हाय रं?"

"नवरदेवाच्या दोस्ताची फर्माईश हाय, काका."

"कोन्त्या दोस्ताची?"

"ते आत्ताच जेवायला गेलं."

तेव्हापासून मित्रानं रडकी गाणी पंगतीच्या वेळी लावायला घेतली. जिलबी वाढली जात असताना माणूस कुणाचं दुःख ऐकत नाही, हे त्याचं निरीक्षण अगदी बिनचूक निघालं.

आक्काला यातलं काय पोचतंय, हे आम्हा दोघांनाही कळायला मार्ग नव्हता. माणसाला समोरून उत्तर येत नसताना दोन महिने गाणी लावत राहायची, म्हणजे श्रद्धा लागते. माझी श्रद्धा दुसऱ्या आठवड्यातच पातळ झाली होती. मित्राची टिकली. तो म्हणायचा, "भोंग्याचं तोंड म्या तिच्या घराकडं केलेलं आसतं. हवा बी तिकडंच जायलीय."

ज्येष्ठ संपता संपता कादंबरीचा शेवटचा भाग आला, आणि आषाढ लागला. आषाढात लग्नं नाहीत, म्हणजे भोंगा बंद. पण पहिल्या आषाढात नव्या सुनेनं सासूचं तोंड बघू नये ही आमच्याकडची रीत, त्यामुळं आक्काला आणायला मला जायचंच होतं. शेवटचा अंक पिशवीत, आणि वर सवयीनं भाजी. बोरीला माणूस भाजी घेऊन का आला, याचं उत्तर माझ्याकडं तयार नव्हतं.

कुणी विचारलं नाही. चहा झाला, सासरे पेपर उघडून बसले, आणि सासूबाईंनी मला विचारलं, "पाव्हनं, त्यो भोंगेवाला पोरगा तुमच्याच गावचा ना?"

मी हो म्हणालो. आता काय ऐकावं लागतंय, याची तयारी केली.

"मंग त्या नर्सनं शेवटी कोनाला हो म्हनलं?"

मी आक्काकडं पाहिलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती. झालं होतं असं की रडक्या गाण्याच्या दिवशी दोघी माळवदावर पापड वाळत घालत होत्या. गाणं लागलं आणि आक्काच्या हातातला पापड तिथंच राहिला. सासूबाईंनी खोदून विचारलं, आक्कानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यानंतर बोरीत कुठंही भोंगा लागला की या घरात पापड निघायचे. पापड इतके झाले होते की शेजाऱ्यांना वाटून उरले होते. सासूबाई नुसत्या ऐकणाऱ्या नव्हत्या. सिनेमाची गाणी त्यांना अपुरी वाटायची. त्या जात्यावरच्या ओव्यांतून नर्ससाठी ओव्या निवडायच्या, आणि आक्काचं म्हणणं होतं की त्या जास्त बसायच्या.

"आत्याबाई वकिलाच्या बाजूनं आहेत," आक्का म्हणाली.

"घर बघून द्यावी पोरगी," सासूबाई म्हणाल्या. "त्या ओव्हरसियरला ऱ्हायाला तंबू हाय."

मी पिशवीतून अंक काढला. भाजी बाजूला ठेवली. सासरे समोर असताना आक्कानं तो हातात घ्यावा का, हे तिला ठरवता येईना. सासूबाईंनीच तो माझ्याकडून घेऊन तिच्या मांडीवर टाकला. "वाच. हळू वाच."

आक्कानं वाचलं. नर्सनं वकिलाला स्पष्ट नाही म्हटलं. सासूबाईंनी सुस्कारा टाकला. नर्स बदलीच्या गावाला निघाली. ओव्हरसियर स्टँडवर आला. काही न बोलता त्यानं तिची ट्रंक उचलून बसच्या टपावर चढवली. बसनं हॉर्न दिला. आणि इथं लेखकानं 'समाप्त' लिहून हात झटकले होते.

सासूबाई पुढचं ऐकायला आणखी जवळ सरकल्या.

"चढला का न्हाई त्यो?" सासूबाईंनी विचारलं.

"लिहिलं नाही, आत्याबाई."

"लिव्हलं न्हाई म्हंजे? पैशे घिऊन छापत्यात ना?"

तेवढ्यात पेपरच्या मागून आवाज आला. "ट्रंक टपावर यानं चढवली. मंग उतरवायला कोन हाय तिकडं? चढलाच आसंल." पेपर खाली आला नाही. बाजारभाव इतका वेळ वाचण्यासारखा कधीच नव्हता.

या शेवटाला गाणं कोणतं, यावर दोघींचं पटेना. तो चढला असेल तर दोघांचं, नसेल तर तिचं एकटीचं. सासूबाई ओवीवर अडून बसल्या. मित्र सेट आवरायला अजून मामाकडंच होता, अखेर त्याला बोलावणं गेलं. तो आला आणि अंगणात उभा राहिला. सासूबाई म्हणाल्या, "वर ये की. तितून काय ऐकू येतंय?" तो ओसरीवर बसला. त्याला चहा आला तो माझ्यासारख्याच कपात. मी ते पाहिलं आणि गप्प राहिलो. बोललो असतो तर कदाचित कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

मित्रानं प्रकरण स्वतः वाचलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "हितं गानं न्हाई. हितं नुस्ता गाडीचा आवाज. म्या तर भोंगाच बंद ठिवीन."

"ह्याच्यासाठी बोलवलं का तुला?" सासूबाई म्हणाल्या. पण त्यांना ते पटलं असावं, कारण त्यांनी त्याला आणखी अर्धा कप चहा दिला.

आक्कानं अंक चाळला. शेवटच्या पानावर चौकट होती: पुढील अंकापासून नवी कादंबरी. एक विधुर मास्तर आणि टेलिफोन ऑपरेटर. तिनं ते मोठ्यानं वाचलं, आणि मी म्हणालो की चला, चारची बस चुकेल.

"ती न्हाई यायची आज," सासूबाई म्हणाल्या. "पुढचा अंक आला की घिऊन जावा. आदी सुरुवात तर कळू द्या."

सासरे पहिल्यांदा पेपर बाजूला करून बोलले, "अगं, आखाड लागलाय. रीत हाय."

"आखाड दरसाल येतो," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, "आन् पाव्हनं, दर शुक्रवारचा अंक बोरीच्या गाडीत टाकत जावा. हितं स्टँडवर आमचं मानूस ऱ्हाईल." कोण राहील ते त्यांनी सांगितलं नाही, पण सासऱ्यांनी मान हलवली.

मी आक्काकडं पाहिलं. माहेरी यायला अधीर झालेली मुलगी कशी दिसते, हे मला माहीत होतं. ही तशी दिसत नव्हती. तिनं अंक घडी न घालता, सगळ्यांच्या देखत कोनाड्यात देवाच्या पोथीशेजारी उभा करून ठेवला.

"आठ दिवसांनी ये," ती म्हणाली. "आणि येताना भाजी नको आणूस."

मी एकटाच बसनं परतलो. घरी आईनं तिच्यासाठी पुरण घातलं होतं. आक्का का आली नाही, हे मी आईला खरं सांगितलं. तिनं दोन पोळ्या माझ्या ताटात टाकल्या आणि म्हणाली, "टेलिफोनवाली किती वर्षांची हाय म्हनं?"