मांजरीच्या गळ्यातलं घुंगरू

मांजरीच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, असं लोक नुसतं म्हणतात. आमच्या मामाजींनी खरंच बांधली.

मामाजी म्हणजे माझे सासरे. जन्म सगळा आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडच्या खेड्यात धान पिकवण्यात आणि गुरं राखण्यात गेला. सासूबाई वारल्या, गुरं विकली, आणि ते आमच्याकडे तिरोड्याला राहायला आले. सोबत एक लोखंडी पेटी आणि कापडी पिशवीत मांजरीचं पिल्लू. पिल्लू पाहिलं आणि माझं तोंडच वाकडं झालं.

तेव्हा वीज कारखान्याचं काम चालू होतं. जिकडे पाहावं तिकडे बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, बुजवून लेआउट पडत होते. आमचं घर अगदी शेवटच्या रांगेत. मागे तारेचं कुंपण, पलीकडे धानाच्या बांध्या, त्यापलीकडे झुडपी जंगल. लोकांनी टाइल्स बसवल्या, गेटं लावली, पण इथे आता कॉलनी झाली हे कोल्ह्यांना कोणी कळवलं नव्हतं. रानमांजरं यायची, विजेच्या खांबावर मोठं घुबड बसायचं. कोणाचं पाळलेलं मांजर दोन दिवस दिसलं नाही की शेजारची भाभी पापड लाटता लाटता म्हणायची, "सियार ले गया होगा, और क्या." आणि पुढचा पापड लाटायची.

मी मात्र पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, मांजर घरात येणार नाही. केस अन्नात येतात. मामाजींनी आपली खाट उचलली आणि समोरच्या उघड्या छपरीत टाकली. थंडीतसुद्धा तिथेच. मी सगळ्यांना सांगायची, म्हाताऱ्याला मोकळी हवा लागते बापा!

दोन वर्षं मी हेच सांगत होते. मग त्यांच्या भावकीत कोणी वारलं, तेरवी निघाली. तीन दिवसांसाठी गावी जायचं होतं आणि मामाजींचा पाय काही निघेना. पेटी उघडली, झाकली, पुन्हा उघडली. शेवटी बैलाच्या साजातलं एक पितळी घुंगरू काढलं आणि काळ्या दोऱ्यात ओवून मांजरीच्या गळ्यात बांधलं.

"हे काय, मामाजी? पोळा आहे का तिचा?"

"मी खाटेवर असलो का तिच्याजवळ काही येत नाही, सूनबाई. आता मी नाही," ते म्हणाले. "रानात चरनाऱ्या गाईले घंटा बांधतो ना? तसंच हे. घंटा वाजली का जनावर दूर राह्यते. आन घुंगरू वाजून राहिला का समजजो, बरी आहे. सांभाळजो."

म्हणजे मोकळी हवा नव्हती. मी मांजरीला आत घेत नव्हते म्हणून म्हातारा दोन हिवाळे बाहेर झोपला होता. मला इतकी लाज वाटली की राग आला. "सांभाळते म्हटलं ना! बस जाईल तुमची," असं खेकसून मी त्यांना स्टँडवर पाठवलं.

त्याच संध्याकाळपासून दिवेलागणीच्या आधी मी मांजरीला गुपचूप आत कोंडायला लागले. ह्यांनाही सांगितलं नाही, नाहीतर जन्मभर हसले असते.

दुसऱ्या दिवशी पोळ्या उलटता उलटता उशीर झाला. मागे गेले तर ती कुंपणापलीकडे. धान कापलेलं होतं, वाळत पडलेल्या कडपा उचलून बांधीत मोठं पुंजणं, धानाची गंजीच, रचलेलं, आणि त्याच्याखाली उंदीर. घुंगरू छान वाजत होतं. मी म्हटलं, चला, बरी आहे.

मग पुंजण्याच्या आडून कोल्हा दिसला. नुसता उभा होता. मांजर दबा धरून बसली, घुंगरू थांबलं, तोही थांबला. ती दोन पावलं सरकली, घुंगरू वाजलं, त्याचे कान तिकडे वळले आणि तोही दोन पावलं सरकला. अगं माय, हा तर आवाजावर चालतोय!

हातात पोळ्या उलटायचा सराटा होता, तोच घेऊन मी तारेखालून घुसले. पायात चप्पल नाही. बांधीभर धानाची धसकटं सुयांसारखी उभी. आयुष्यात शिकलेल्या सगळ्या शिव्या मी त्या एका बांधीत दिल्या. पोहोचले तोवर त्याने मागचा पाय धरला होता. मला पाहून सोडला आणि पळाला. मी मांजर पदरात गुंडाळली, घरी येऊन दोरा विळीवर कापला. जनावरांच्या डॉक्टरांनी टाके घातले, इंजेक्शन दिलं, वाचेल म्हणाले.

मामाजी आले. पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "हे काऊन लंगडून राहिली?"

कुत्रं चावलं असं मी म्हणाले असते तर खपलं असतं. पण माझी जीभ कुठे थांबते! "तुमच्या घुंगरानंच कोल्ह्याला बोलावलं, मामाजी," मी सांगून मोकळी झाले. आणि त्यांचा चेहरा पाहून वाटलं, मुकी असते तर बरं झालं असतं.

त्यांनी पिशवी खाली ठेवली. स्वयंपाकघरात येऊन स्वतः तेल गरम केलं, त्यात हळद घातली, वाटी घेऊन मांजरीजवळ जमिनीवर बसले. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "गाईच्या घंटेमागं गुराखी राह्यते. वाघ घंटेले भेत नाही, मानसाले भेते. येवढं बी माह्या ध्यानात नाही आलं. हिच्या मागं कोनीच नोहता."

"कोणीच नव्हतं कसं?" मी ओरडलेच. "मी होते ना!" आणि रडायलाच लागले.

त्यांनी वर पाहिलं नाही. माझ्या पायांकडे पाहत होते. घोट्यापर्यंत नुसते ओरखडे, तळव्यांना चिंध्या बांधलेल्या. ते वाटी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आधी तू लाव, माय. मांजर थांबते."