दहाव्या मिनिटाचं चित्र

नोकरीची पहिली पंधरा वर्षं मकबूलभाई अत्तारांनी लाल दिव्याच्या उजेडात काढली. नारायण पेठेतल्या एका एक्स-रे क्लिनिकची ती डार्करूम जिन्याखाली होती. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढीच. तिथे ते फिल्म औषधाच्या टाकीत बुडवायचे आणि वाट पाहायचे. काळ्या पाण्यात आधी एखादी बरगडी उमटायची, मग मणका, मग हृदयाची धूसर सावली. माणूस कोण, कुठला, हे त्यांना ठाऊक नसायचं, पण त्याच्या आतलं हाड ते सगळ्यांच्या आधी पाहायचे. दुपारी बाहेर आले की रस्त्यावरचं ऊन त्यांना खोटं वाटायचं.

मग परदेशी यंत्रं आणणं सोपं झालं आणि त्या क्लिनिकचं काचेच्या दारांचं स्कॅन सेंटर झालं. डार्करूममध्ये चहाचं मशीन आलं. मालकांनी मकबूलभाईंना रिसेप्शनवर बसायला सुचवलं. ते म्हणाले, मला एमआरआय शिकायचंय. त्यांचं वय तेव्हा एक्केचाळीस.

"माउस धरता येतो का तुम्हाला?" मालकांनी विचारलं.

"फिल्म अंधारात धरत होतो. माउस तर उजेडात आहे," मकबूलभाई म्हणाले.

बंगळूरहून आलेल्या इंजिनीअरच्या शेजारी ते तीन महिने बसले आणि शिकले. रेडिओग्राफीचा कोर्स पूर्वीच झाला होता. तो आता कामी आला. बाकीचे तंत्रज्ञ पडद्यावर अवयव पाहत, मकबूलभाईंना तिथे मुलूख दिसायचा. विमानात ते कधी बसले नव्हते, पण विमानातून जमीन अशीच दिसत असणार, असं त्यांना वाटे. सगळ्यांत त्यांना यकृत आवडायचं. केवढं पसरलेलं, शांत, आणि त्यातून ओढे, ओढ्यांना मिळणारे ओहोळ. घरी डोळा लागला की कधीकधी ते त्या करड्या मुलखातून पायी चाललेले असायचे. पायाखाली माती नसायची, पण चालण्याचा त्रासही नसायचा.

२००४ च्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी, वाघोलीच्या इंदुबाई आल्या. साठीच्या, काटक, नऊवारीतल्या. पोटात दुखतं म्हणून सोनोग्राफी केली होती. दुखणं पित्ताशयातल्या खड्यांचं निघालं, पण यकृतात लिंबाएवढा एक डाग दिसला. तो कशाचा, हे सोनोग्राफीवरून सांगता येईना. बरोबर मुलगा होता, संतोष. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच राहिलेलं. त्याने मकबूलभाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की इंटरनेटवर त्याने सगळं वाचलंय, आईला मात्र काही कळू द्यायचं नाही. आठ दिवस तो झोपला नव्हता, हे त्याच्या डोळ्यांवरूनच दिसत होतं.

आईला सगळं कळलं होतं. मंगळसूत्र आणि जोडवी काढून संतोषच्या हातात देताना त्या मकबूलभाईंकडे वळून हळूच म्हणाल्या, "पोरगं लई भ्यालंय. त्याला बाहेर बसवा, पंख्याखाली."

त्यांना यंत्रात सरकवलं. यकृताची चित्रं श्वास रोखून घ्यावी लागतात. श्वास चालू राहिला की सगळं हलतं. सूचना द्यायला यंत्रातच एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज होता, इंग्रजीतला. इंदुबाईंना तो कळेना. तो आवाज आला की त्या दचकायच्या आणि नेमका तेव्हाच श्वास सोडायच्या. तीन वेळा चित्रं पुसट आली, पाण्यावर वारा फिरावा तशी. बरोबरची तंत्रज्ञ हेमा म्हणाली, की यांचं आज होणार नाही, पुन्हा बोलावू.

मकबूलभाईंनी तो आवाज बंद केला आणि माइक तोंडाशी घेतला.

"इंदुबाई, पोहता येत होतं का लहानपणी?"

"व्हय," आतून आवाज आला. "आमच्या हिरीचा तळ गाठायची मी. पोरं कळशी पाडायची अन् मी काढायची."

"मग आता तीच विहीर आहे समजा. मी म्हटलं की छाती भरून घ्यायची आणि बुडी मारायची. वर यायचं मी सांगतो."

नंतर एकही चित्र हललं नाही.

मग हातातल्या शिरेतून औषध सोडलं. ते रक्तातून फिरतं आणि जिथे पोचतं तिथे चित्र उजळतं. काही वाईट गाठी ते झटकन पितात आणि तितक्याच झटकन टाकून देतात. काहींची नुसती कड उजळते आणि आत काळोख राहतो. मकबूलभाई पडद्याकडे पाहत राहिले. पहिल्या चित्रात डाग काळाच होता, पण काठावर दोन-तीन ठिपके लागले होते, मण्यांसारखे. पुढच्या चित्रात मणी जाड झाले. तिसऱ्या मिनिटाला ते आतल्या बाजूला पसरू लागले. पाचव्या मिनिटाला डागाचा निम्मा भाग पांढरा होता आणि मधोमध काळं पाणी उरलं होतं.

औषध सोडल्यावर पाच मिनिटांपर्यंतच चित्रं घ्यायची, असा सेंटरचा नियम. बाहेर गुडघ्याचा पेशंट ताटकळत होता. हेमा टेबल बाहेर घ्यायला उठलीसुद्धा.

मकबूलभाईंनी तिला हाताने थांबवलं आणि वरच्या मजल्यावर डॉक्टर प्रियदर्शनींना फोन लावला. निदान करायचं काम त्यांचं. मकबूलभाईंनी वीस वर्षांत त्या हद्दीत पाऊल ठेवलं नव्हतं. आताही ते एवढंच म्हणाले, "मॅडम, अजून भरतंय. दहाव्या मिनिटाचं एक घेऊ?"

प्रियदर्शनी म्हणाल्या, "घ्या. मी खाली येते."

ती पाच मिनिटं फार लांबली. यंत्राची धडधड थांबली होती. आत इंदुबाई निश्चल पडल्या होत्या. मकबूलभाईंना वाटलं, आपणही काठावर बसलोय, आणि कुणीतरी खोल गेलंय, आणि पाण्यावर अजून एक बुडबुडाही नाही. मग ते माइकमध्ये म्हणाले, "शेवटची बुडी, इंदुबाई."

चित्र उमटलं. काळं पाणी कुठेच नव्हतं. डाग काठापासून काठापर्यंत पांढराशुभ्र भरला होता. प्रियदर्शनी त्यांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. त्यांनी सगळी चित्रं पुढेमागे करून दोनदा पाहिली आणि मकबूलभाईंच्या खांद्यावर हलकेच हात ठेवून म्हणाल्या, "बोलवा मुलाला."

तो रक्तवाहिन्यांचा गुंता होता, म्हणूनच औषध त्यात काठाकडून सावकाश भरत गेलं होतं. कॅन्सर नव्हता. बहुधा जन्मापासूनचा असावा. सहा महिन्यांनी एक सोनोग्राफी करायची, खड्यांचं तेवढं बघून घ्यायचं. संतोषने हे दोनदा विचारून घेतलं. मग तो भिंतीला टेकून खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला.

इंदुबाई मात्र अजून पुरत्या परतल्या नव्हत्या. आत हिरवं पाणी होतं, त्या सांगू लागल्या, आणि त्यांची आई काठावरून हाका मारत होती, पण वर यावंसं वाटत नव्हतं. मग संतोषकडून परत घेतलेली जोडवी पायात चढवता चढवता त्या थांबल्या.

"म्हंजी येवढी वर्सं ती गाठ माझ्यासंगंच हाय?"

"हो," प्रियदर्शनी म्हणाल्या.

"मंग ऱ्हाऊ द्या बापडीला."

संतोषने आईला हात दिला आणि दोघं काचेच्या दारातून बाहेर गेली. मकबूलभाईंनी यकृताच्या तपासणीच्या नियमांचं कार्ड काढलं आणि 'पाच मिनिटं' खोडून आपल्या तिरप्या अक्षरात 'दहा' लिहिलं. प्रियदर्शनींनी खाली सही केली. तोवर हेमाने गुडघेवाल्या पेशंटला आत आणलं होतं. तो त्रासून विचारत होता, एवढा वेळ काय करत होता तुम्ही लोक?

"वाट पाहत होतो," मकबूलभाई म्हणाले आणि त्याच्या गुडघ्याखाली उशी सरकवू लागले.