अम्मांचा शब्द

आवाज गेला तेव्हा मी देवाशी अबोला धरला. धरायची तशी गरज नव्हती, कारण गळ्यातून कुजबुजीपलीकडे काही निघतच नव्हतं. पण मी मनातल्या मनातही बोलायचं बंद केलं. गळ्यात गाठ होती, ती काढली, साधी निघाली, सगळ्यांनी प्रभूचे आभार मानले. मीही मानले. मग टाके सुकले, पट्टी निघाली, आणि लक्षात आलं की गाठीबरोबर आवाजही गेला आहे. डॉक्टर म्हणाले, आवाजाची नस दुखावली आहे, सावकाश सुधारेल, पण पहिल्यासारखी होईलच असं सांगता येत नाही. मात्र रोज बोला, रोज थोडं गा, घसा वापरात ठेवा. नाही वापरला तर आहे तिथेच अडून बसेल.

यात एवढं काय, असं कुणाला वाटेल. पण जालन्याच्या आमच्या चर्चच्या मंडळीत लग्नाआधीपासून रविवारचं पहिलं गीत मी उचलायचे. पेटीवर सूर लागला की पहिली ओळ माझी, मग मागून सगळे. कुणाचं लग्न असो, कुणाचा बाप्तिस्मा असो, कुणाची माती असो, मला निरोप यायचाच. प्रार्थना करताना माझं मन भाजीबाजारात जातं आणि शास्त्र वाचताना डुलकी लागते, हे मी आधीच सांगून टाकते. गाताना मात्र देव समोर बसून ऐकतो आहे असं मला नेहमी वाटायचं. त्याची माझी भेट व्हायची ती तेवढ्याच ठिकाणी, आणि नेमकं तेच त्याने बंद केलं होतं. राग येणार नाही तर काय!

त्यातच हैदराबाद. यांची गिरणी बंद पडली आणि यांना हैदराबादला एका नव्या औषध कंपनीत नोकरी मिळाली. त्या वर्षांत जिकडेतिकडे काहीतरी उघडत होतं. आज कंपनी, उद्या कॉम्प्युटरचा क्लास, परवा केबलवर परदेशी चॅनेल. हे चहा पिताना पेपर वाचून दाखवायचे, की देशाचे दरवाजे उघडले. मी मनात म्हणायचे, उघडू देत बापडे, माझा गळा मिटलाय त्याचं बघा. आम्ही तारनाक्याला एका घराच्या माडीवर भाड्याने राहायला आलो. हैदराबादी हिंदीचं मला भय नव्हतं. आम्ही जालनेकर जुन्या निजामाच्या राज्यातलेच, ती बोली कानाला लहानपणापासूनची. पण तेलुगूची एकही फट सापडत नव्हती. जवळच्या चर्चमध्ये रविवारची उपासना तेलुगूत व्हायची. देवाला तेलुगू येत असणारच, प्रश्न माझा होता. सगळे उभे राहिले की मी उभी राहायचे, बसले की बसायचे, आणि गीत सुरू झालं की पायातल्या चपलांकडे बघायचे.

खाली घरमालकीण राहायच्या, सरोजाक्का. तेलुगू ख्रिस्ती, शाळेत बाई, तोंडाने फटकळ आणि हाताने उदार. अक्का हा शब्द तेवढा आमच्या दोघींच्या भाषांत एकच, म्हणून तो मला लगेच जमला. त्यांची म्हातारी आई खाटेवर होती. मांडीचं हाड मोडलं होतं, आणि त्यानंतर बोलणंही सोडल्यातच जमा होतं. त्यांना सगळे अम्मा म्हणत. अम्मांजवळ बसणारी बाई गावाला गेली, तेव्हा अक्का वर आल्या आणि म्हणाल्या, ‘‘मेरे कू इस्कूल जाना पड़ता माँ. दोपहर कू अम्मा के बाजू में बैठो. काम कुछ नक्को. पानी होना बोले तो देना.’’ नाही म्हणायलाही आवाज लागतो. माझ्याकडे तो नव्हता, म्हणून मी मान डोलावली.

पहिल्या दिवशी खाली जायच्या आधी मोरीपाशी भांडी घासत होते. कशाने भडका उडाला आठवत नाही, पण कितीतरी दिवसांनी मी देवाशी बोलले, आणि तेही भांडायला. म्हटलं, प्रभू, माझ्याकडून गाणं काढूनच घ्यायचं असेल तर सरळ सांग. मी पुन्हा तोंड उघडणार नाही, डॉक्टर काहीही म्हणोत. आणि गायचं असेल तर तेही सांग. थांबू की पुढे जाऊ, एक शब्द टाक, म्हणजे मी मोकळी होईन. मनात धरलं होतं मी खरंच. मी हट्टी बाई आहे. थांब म्हटलं असतं तर आजही थांबलेलीच असते.

दुपारी अम्मांजवळ जाऊन बसले. त्या छताकडे बघत होत्या, मी पंख्याकडे. पाणी विचारलं तर नको. उशी नीट करू का, हे हातवारे करून विचारलं तर नजर छतावरच. घरभर अशी सामसूम की आपलाच श्वास ऐकू यावा. वैतागून मी एक गीत गुणगुणायला घेतलं, मराठी, अगदी बालपणीचं. यांच्यासमोर मला गायची लाज वाटायची, कारण माझा आधीचा आवाज यांनी ऐकला होता. अम्मांनी कुठे ऐकला होता? फाटक्या, घोगऱ्या आवाजात, मध्येच सूर सोडून, मी पहिलं कडवं कसंबसं संपवलं आणि थांबणार, तोच अम्मांनी छतावरची नजर काढून माझ्याकडे वळवली. उजवा हात वर केला, पंजा माझ्या दिशेने उघडला आणि स्पष्ट म्हणाल्या, ‘‘चालु.’’

चालू! चालू दे, चालू ठेव. म्हातारीला मराठी येत नाही, आणि तिच्या तोंडून माझ्या भाषेतला शब्द, तोही मी सकाळी मागितलेला. हात वर केला तोही मला ओळखीचा होता. आमच्यात स्तुतीच्या वेळी काही जण असाच हात उंचावतात. मी डोळे पुसले आणि दुसरं कडवं घेतलं, जरा जोरात. अम्मा म्हणाल्या, ‘‘चालु, चालु अम्मा!’’ मी तिसरं आणखी जोरात घेतलं. आवाज चिरत होता, खरखरत होता, पण मी थांबायला तयार नव्हते. देवाने सांगितलंय म्हटल्यावर आता कोण थांबतंय!

मग तो रोजचा परिपाठच झाला. दुपारची भांडी झाली की मी खाली जायचे आणि गायला बसायचे. अम्मा हात वर करून चालु म्हणायच्या आणि मी पुढचं कडवं घ्यायचे. काही दिवसांनी त्या कुशीवर वळून माझ्याकडे तोंड करून पडायला लागल्या. मग उशीला टेकून बसायला लागल्या. एकदा तर मी चालच चुकले, तर त्यांनी बोटाने खाटेच्या कडेवर ठेका धरून मला जाग्यावर आणलं. मी घरी यांना फक्त एवढंच सांगितलं होतं, की म्हातारीची तब्येत सुधारतेय. बाकीचं माझं आणि देवाचं गुपित होतं. अबोला केव्हाच सुटला होता. मी त्याच्याशी जिना चढता उतरता बोलायचे.

एक दिवस सरोजाक्का शाळेतून लवकर आल्या. मी रंगात आले होते. अम्मा ‘‘चालु! चालु!’’ म्हणत होत्या आणि मी त्यांच्यावर आवाज चढवत होते. अक्का दारात पिशवी घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

‘‘अरे, क्या चल रा ये?’’ त्या म्हणाल्या. ‘‘अम्मा इत्ता बोल रई, तुम गातेच जा रे?’’

‘‘त्या म्हणतात म्हणून तर गाते,’’ मी हिंदीत सांगितलं. ‘‘चालू ठेव म्हणतात ना!’’

‘‘चालु बोले तो बस!’’ अक्का म्हणाल्या. ‘‘काफी हो गया, अब नक्को. तेलुगू में चालु बोले तो बस, माँ!’’

‘‘बस?’’ मी ओरडले. ‘‘बस म्हणजे? इतके दिवस त्या मला गप्प बसवत होत्या?’’

धरणीने पोटात घ्यावं असं झालं. एवढी आजारी म्हातारी, हात जोडायचं तेवढं बाकी ठेवून मला थांबवते आहे, आणि मी तिच्या उशाशी बसून किंचाळते आहे! शिवाय दुसरी गोष्ट आत कुठेतरी खोल टोचली. म्हणजे देवाने सांगितलं होतं ते थांब असं होतं? मी एक शब्द मागितला, त्याने दिला, आणि मी तो उलटा ऐकला? मला रडूच फुटणार होतं. तेवढ्यात खाटेवरून विचित्र आवाज आला. अम्मा हसत होत्या. खोकत, ठसकत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या, आणि हसता हसता लेकीला काहीतरी सांगत होत्या. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. अक्कांच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यांनीही बऱ्याच दिवसांत पाहिलं नसावं. अक्का पिशवी खाली ठेवून ऐकत राहिल्या आणि मग मला सांगू लागल्या.

‘‘अम्मा क्या बोल रई मालूम? पैले दिन सच्ची में बस बोली मैं. सोना था मेरे कू. ये बस बोले तो और जोर से गाई. फिर बोली, फिर गाई. तब मेरे कू समझा, इसकू चालु बोले तो गाती. उसके बाद गाना होना बोले तो मैं चालु बोलती.’’

म्हणजे गाणं हवं असलं की अम्मा मला बस म्हणत होत्या! मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवून दुजोरा दिला, लबाड लहान पोरीसारखा. तेलुगूत गा याला पाडु म्हणतात, हे अक्कांनी मला तेव्हाच शिकवलं. मराठीत पाडू म्हणजे काय ते मी त्यांना सांगितलं नाही. मी कान धरून अम्मांची माफी मागितली. अक्का मात्र माझ्याकडे टक लावून बघत होत्या. ‘‘तुम्हारा आवाज तो आ गया ना,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अबी तुम चिल्लाए. बाजू के घर तक गया होंगा.’’

खरंच की! मी ओरडले होते. कित्येक महिन्यांत माझ्या तोंडून निघाला नव्हता असा आवाज निघाला होता, आणि तो निघाल्याचं मला कळलंही नव्हतं. अम्मांनी थोडा वेळ वाट पाहिली. मी काही गात नाही असं बघून त्यांनी खाटेच्या कडेवर दोनदा बोट आपटलं, पंजा वर केला आणि हुकूम सोडला, ‘‘चालु!’’ अक्का हसून हसून दाराला टेकल्या. मी रडत रडत गायले, आणि तसं गाणं माझ्या हातून आधी झालं नव्हतं.

जुना आवाज परत आला नाही. वरचा सूर गेला तो गेलाच. आता मी खालच्या पट्टीत गाते. त्या नाताळात तारनाक्याच्या चर्चमध्ये मी एक मराठी गीत गायले. शब्द कुणालाही कळले नाहीत, पण अम्मांना खुर्चीसकट उचलून पहिल्या रांगेत आणून बसवलं होतं. देवाने बस म्हटलं होतं की पुढे, याचा मी पुष्कळ विचार केला. अक्का म्हणतात, आमच्यात प्रभूची कृपा चालु असंही म्हणतात, म्हणजे ती पुरेशी आहे, आणखी काही नको. मला वाटतं दोन्ही खरं असावं. जे होतं तेवढं त्याला पुरत होतं, फाटकंतुटकं सुद्धा. ते मलाच पुरत नव्हतं. मी त्याला शोधत होते माझ्या जुन्या आवाजात, आणि तो त्या सगळ्या दुपारी समोरच्या खाटेवर माझ्याकडे तोंड करून ऐकत होता. आता मी त्याच्यापुढे अटी घालत नाही. निदान कमी घालते.

त्या दिवशी मला शब्द कळला असता तर मी उठून माडीवर गेले असते आणि पुन्हा कधी तोंड उघडलं नसतं. म्हणून रोजच्या प्रार्थनेत, मुलाबाळांसाठी आणि आजाऱ्यांसाठी मागून झालं, की शेवटी मी एवढं म्हणते: प्रभू, त्या दिवसांत मला तेलुगू येऊ दिलं नाहीस, त्याबद्दल तुझे आभार.