सर्जेरावांची नावगाडी

आमच्या पालीत सर्जेरावांचं वेल्डिंगचं दुकान धरणाच्या वाटेवर आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या टायरगाड्या तेच करत. दसरा जवळ आला की दुकानापुढं उभं राहायला जागा नसे. त्यांच्या गाडीचा आस मोडला, असं कुठल्याच साखर कारखान्यावर कुणी ऐकलं नव्हतं. याचा त्यांना चांगलाच माज होता, आणि खरं सांगायचं तर तो त्यांना शोभायचा.

मी इथल्या शाळेत खेळाचा मास्तर. पंधरा वर्षं कबड्डी शिकवून कंटाळलो आणि पुण्याच्या एका क्लबानं मोडीत काढलेल्या दोन कयाक घेऊन आलो. एकट्या माणसानं बसायची लांब, निमुळती नाव ती. एकच वल्हं, पण दोन्ही अंगांनी मारायचं. गाव पोट धरून हसलं. सर्जेरावांची लेक पौर्णिमा तेवढी हसली नाही. ती सरळ जाऊन नावेत बसली, उलटली, चिखलानं भरली, पुन्हा बसली. दोन वर्षांत तिचा वेग असा वाढला की मला माझ्या घड्याळाचाच संशय येई.

पुण्यात राज्याची निवड चाचणी होती. अठरा वर्षांखालच्या गटात पौर्णिमाचं ते शेवटचं वर्ष. निवड झाली तर वसतिगृह, चांगलं प्रशिक्षण, पुढं खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीची आशा. नाव मात्र ज्याची त्यानं न्यायची, आणि आमची सतरा फुटी नाव कुठल्या टेम्पोत मावेना. मी भाड्याच्या मोठ्या गाडीचं बघत होतो, तर सर्जेराव भडकले.

"माज्या लेकीची नाव दुसऱ्याच्या गाडीत कावून न्यायची? मी काय मेलो का? तुमच्या जीपच्या मागं जोडायची गाडी मीच करतो."

ते कामाला लागले. आस ऊसगाडीचा, चाकं जुन्या जीपची, वर लोखंडी सांगाडा आणि नावा ठेवायला दोन आडवे दांडे. त्यांच्या बायकोनं, सिंधुबाईंनी, आपल्या दोन लुगड्यांची जाड गोधडी शिवून दांड्यांना गुंडाळली. सर्जेरावांनी निळा रंग मारला, मागं पांढऱ्या अक्षरात 'जय भीम' लिहिलं, खाली पौर्णिमाचं नाव. ती लाजून आत पळाली.

मग गाडी तपासली, अगदी त्यांच्या रिवाजाप्रमाणं. वीस पोती वाळू चढवली, मधोमध पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला आणि नदीच्या दगडधोंड्यांतून गाडी ओढायला लावली. तांब्यातलं पाणी सांडलं नाही. मी सहज म्हटलं, "नुसत्या नावा ठेवूनही बघू एकदा."

"हलक्या गाडीला काय बघायचं, सर? वजनाखाली टिकती तीच गाडी." एवढं बोलून त्यांनी एक नाव एका हातानं उचलून दाखवली. "ही तर सुपाएवढी बी जड न्हाई."

मी गप्प बसलो. मास्तर मी, आणि गप्प बसलो. त्याची टोचणी अजून जात नाही.

पहाटे निघालो, एक नाव जादा असावी म्हणून दोन्ही घेऊन. पौर्णिमा पुढं माझ्याशेजारी, सर्जेराव मागच्या सीटवर उलटे बसून गाडीच्या चाकांकडं बघत. पुण्याला तळ्याकाठी दोर सोडले आणि नावा उलट्या केल्या. दोन्ही नावांना बैठकीखाली, जिथं दांडा लागत होता तिथं, हातभर तडा गेला होता. तिथल्या एका जाणत्यानं गाडीखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "याला पाटे कुठं आहेत?" पाटे म्हणजे आसावर बसवलेल्या, धक्का झेलणाऱ्या लवचीक पोलादी पट्ट्या. ऊसगाडीला त्या नसतात. लागतही नाहीत, उसाचं ओझंच तिला दाबून धरतं. हलक्या मालाला ती दर खड्ड्यात उडवते. ऊस उडाला तरी ऊसच राहतो, फायबरच्या नावेचं तसं नाही.

दुसऱ्या कुणाची नाव मिळाली नाही. आम्ही तड्याला चिकटपट्टी लावली. पौर्णिमा पाण्यात उतरली, निम्म्या अंतरापर्यंत दुसऱ्या नंबरावर होती. मग नाव जड झाली, पाणी मांडीपर्यंत आलं आणि ती सगळ्यांच्या मागं, जवळजवळ बुडालेल्या नावेतून काठाला लागली. सर्जेराव पाण्यात गुडघाभर जाऊन उभे होते. पोरीनं बापाचं तोंड पाहिलं आणि स्वतःचं रडू गिळलं.

"आबा, गाडीला बघा काय बी झालं न्हाई. साधा रंग बी उडला न्हाई."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एका वाक्यानं माणूस खचला.

पौर्णिमा आता बीडला नर्सिंग शिकते. सुट्टीला येते, मला वाकून नमस्कार करते, धरणाकडं मात्र जात नाही. त्या दसऱ्याला सर्जेरावांनी एकही ऊसगाडी केली नाही. आलेल्या लोकांना चौसाळ्याच्या कारागिराकडं धाडलं. सिंधुबाई मला म्हणाल्या, "सर, जेवताना बी हाताकडंच बघत बसत्यात."

माघात एकदा ते मला दुकानात बोलवायला आले. नावगाडी उलटी-पालटी करून त्यांनी तिला मोडीतल्या व्हॅनचे पाटे बसवले होते. मी म्हटलं, "नावा आणू?"

"नगं. मीच बसतो. हाडं सांगतील."

ते दोन्ही दांड्यांवर नावेसारखे आडवे झाले. मी चौसाळ्यापर्यंत गेलो आणि परत आलो, एकही खड्डा न चुकवता. आरशात त्यांचं पांढरं डोकं दिसत होतं, जरासुद्धा हलत नव्हतं. दुकानापाशी थांबलो. ते उतरले, पाट्यांवरून हात फिरवला आणि तिथंच धुळीत बसले.

"एक बी धक्का न्हाई, सर," ते म्हणाले. "पाटे बसवायला मला एकच दिवस लागला. एकच दिवस."