छताला दोन कड्या

आमचं पहिलं मूल आठव्या महिन्यात पोटातच गेलं. पुढे मला पुन्हा दिवस राहिले तेव्हा आम्ही दिल्लीत भाड्याच्या घरात राहत होतो आणि गुडगावात आमच्या नव्या फ्लॅटचं काम चालू होतं. बाळाबद्दल घरात बोलायचं नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं. ते आपोआप ठरलं. मी तपासणीहून आले की नवरा विचारायचा, "डॉक्टर काय म्हणाल्या?" मी म्हणायचे, "सगळं नॉर्मल." मग आम्ही टाइल्सवरून भांडायचो. टाइल्सवरून आम्ही फार मनापासून भांडलो.

फ्लॅटमधली दुसरी खोली दोघांनीही 'स्टडी' म्हणून सांगितली होती. पण एका दुपारी मी ऑफिसातून परस्पर गुडगावला गेले आणि ठेकेदाराला म्हटलं, त्या खोलीच्या छताला पाळण्यासाठी एक कडी बसवा. साहेबांना मात्र सांगू नका. नवऱ्याने आशा लावून घेऊ नये, एवढाच उद्देश होता.

सातव्या महिन्यात आम्ही दोघं काम पाहायला गेलो. पंख्याच्या हुकाच्या एका बाजूला एक कडी होती. दुसऱ्या बाजूलाही एक होती.

मी ठेकेदाराकडे पाहिलं. तो आधीच वैतागलेला होता.

"एक मैडम ने बोला, एक साहब ने बोला. दोनों ने कहा, दूसरे को मत बताना. मैं क्या करता?"

नवऱ्याचे कान लाल झाले.

"स्टडीत काय टांगणार होतास? शब्दकोश?" मी विचारलं.

"आणि तू?"

"मी आधी विचारलंय."

"जुड़वाँ हैं क्या?" ठेकेदाराने काळजीने विचारलं. आम्ही इतके हसलो, की मला सिमेंटच्या पोत्यावर बसावं लागलं.

परतताना गाडीत नवरा म्हणाला, "हलतं का गं?"

"केव्हाचं हलतंय. तू कधी विचारलंच नाहीस."

"नाही म्हणालीस तर, म्हणून."

"मलाही रोज तीच भीती असते. सकाळी उठले की आधी तेच."

"आत्ता हलतंय?"

"आत्ता झोपलंय. गोड काही प्यायले की उठतं."

त्याने पुढच्याच ज्यूसच्या गाडीपाशी गाडी थांबवली आणि मोसंबीचा रस घेतला. मी तो पीत असताना भर रस्त्यात माझ्या पोटावर हात ठेवून उभा राहिला. ज्यूसवाल्याने सभ्यपणे तोंड फिरवलं.

"अरे यार, लाथ मारली!" नवरा ओरडला, आणि त्याने आणखी एक ग्लास मागवला.