कर्कशचा पहिला लाइव्ह अल्बम

कर्कश दिवसा दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचा आणि संध्याकाळी त्याच बोटांनी इलेक्ट्रिक गिटार वाजवून शेजाऱ्यांना दातओठ खायला लावायचा. टोपणनाव थोरल्या भावाने ठेवलेलं. ते इतकं चपखल बसलं, की सासुरवाडीची माणसंही आदराने ‘कर्कशराव’ म्हणत.

इतकी वर्षं रॉक वाजवून त्याचं एकही रेकॉर्डिंग नव्हतं. स्टुडिओत त्याचे हातपाय गळायचे. “समोर माणसं हवीत. भिंतीला काय वाजवून दाखवू?”

पन्नाशीत डाव्या हाताची दोन बोटं बधिर व्हायला लागली. कोपराचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, “कवळ्या करू शकाल. गिटारचा शब्द मी देत नाही.” म्हणून ऑपरेशनच्या आधी एक कार्यक्रम करायचा आणि त्याचाच लाइव्ह अल्बम काढायचा, असं त्याने ठरवलं.

हॉल लहानसा होता. साऊंडवाला जुना मित्र. तालमीत तो ओरडला, “अरे, तुझा अ‍ॅम्प कमी कर! बाकी कुणी ऐकूच येत नाही!”

“कमी? जन्मभर बायकोच्या धाकाने कमीच ठेवलाय. आज नाही!”

साऊंडवाल्याने कपाळावर हात मारला आणि मिक्सरवरची गिटारची पट्टी शून्यावर आणली. गिटार अ‍ॅम्पमधूनच हॉलभर घुमत होती, तिला हॉलच्या स्पीकरची गरज नव्हती. कार्यक्रमात कर्कश असा काही वाजला, की थोरला भाऊसुद्धा खुर्चीवर उभा राहिला.

फक्त रेकॉर्डिंग मिक्सरमधून होत होतं.

हे उघड झालं ऑपरेशननंतर, हात गळ्यात अडकवून तो ऐकायला बसला तेव्हा. ड्रम कडक, बेस दमदार, गायकाचा श्वासही स्पष्ट. गिटार मात्र गायकाच्या माइकमध्ये शिरली असेल तेवढीच, भिंतीपलीकडे कुणी पातेलं घासावं तशी. लोकांच्या मोबाइलमध्ये नुसती फाटलेली घरघर.

“माझीच चूक,” साऊंडवाला खाली मान घालून म्हणाला. “बरा झालास की परत वाजव. रेकॉर्डिंगवर चढवतो.”

हाताचं बँडेज निघालं. त्या बोटांत कवळीचा दात धरता येत होता, पण तार दाबली जात नव्हती. साऊंडवाल्याने फोन करून विचारलं, तर कर्कश म्हणाला, “दुसरं कुणी वाजवलं तर अल्बम त्याचा होईल रे. राहू दे.”

मग एका दुपारी बायकोने रेकॉर्डिंग लावलं. मधल्या लांबलचक तुकड्यात ड्रम आणि बेस आपले इमानाने ठोकत होते, वरात पुढे निघून गेल्यावर मागे राहिलेल्या बँडवाल्यांसारखे.

“अहो, इथे काय वाजवलं होतंत? भाऊजी खुर्चीवर चढले ते इथेच ना?”

“इथेच.” तो सावरून बसला. “थांब, तोंडाने म्हणून दाखवतो.” त्याने डोळे मिटले, दोन-चार सूर काढले आणि अडला. परत पहिल्यापासून सुरू केलं, परत तिथेच अडला.

“आठवेल हो. सावकाश.”

“आठवायला पाठ कुठे होतं? तिथेच सुचत गेलं गं. समोर माणसं होती.”

रेकॉर्डिंगमध्ये टाळ्या आणि शिट्ट्या सुरू झाल्या, आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.